लांडगा वाचवायचा कोणाच्या जिवावर?

समाजवादी चळवळीच्या सभांतून सावकार, साठेबाज आणि नफेखोर यांना ज्या प्राण्याची उपमा आजवर वारंवार दिली गेली, तो प्राणी म्हणजे लांडगा. गरीब मेंढराच्या कळपात शिरणारा, गळा धरणारा, पोट भरले तरी न थांबणारा, हे त्याचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा प्राण्याच्या संरक्षणाचा विचार श्रमिकांची बाजू घेणाऱ्या साप्ताहिकाने का करावा, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. परंतु हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही. एखादी गोष्ट साऱ्या समाजाच्या हिताची म्हणून जाहीर करावयाची आणि तिचा खर्च मात्र समाजातील सर्वांत दुबळ्या गटाकडून परस्पर वसूल करावयाचा, ही राज्यसंस्थेची जुनी खोड आहे. धरणांच्या बाबतीत ती दिसली, अभयारण्यांच्या बाबतीत दिसली. लांडग्याच्या बाबतीत ती अधिक स्पष्टपणे दिसते, कारण येथे खर्चाचा हिशेब मेंढ्यांच्या संख्येत मोजता येतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतीय लांडगा ही जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक आहे, असे गेल्या दोन दशकांतील जनुकीय संशोधनाने दाखवून दिले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२५ साली या लांडग्याचे प्रथमच स्वतंत्र मूल्यमापन केले आणि त्याला ‘असुरक्षित’ या वर्गात घातले. भारत आणि पाकिस्तान मिळून त्याची संख्या तीन हजारांच्या आसपास भरते. २०२२ च्या व्याघ्रगणनेत देशातील वाघांची अंदाजित संख्या ३,६८२ होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. वाघासाठी १९७३ पासून स्वतंत्र प्रकल्प आहे, प्राधिकरण आहे, अर्थसंकल्पात तरतूद आहे. लांडग्याच्या वाट्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील एक ओळ आली आणि झारखंडमधील महुआडांड येथील १९७६ च्या अभयारण्यासारखे तुरळक अपवाद आले.

ही अवस्था आपोआप ओढवलेली नाही. ब्रिटिश राजवटीत लांडगा मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी दप्तरांतून काढलेल्या हिशेबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसांसाठी मारल्या गेलेल्या लांडग्यांची संख्या दोन लाखांवर जाते. याच काळात मारलेल्या वाघांच्या संख्येपेक्षा ती दुपटीहून अधिक आहे. जो प्राणी शेतसारा देणाऱ्या रयतेच्या वाढीआड येतो, तो नष्ट करावा, असा तो सरळ व्यवहार होता. स्वातंत्र्यानंतर बक्षिसे गेली आणि संरक्षण आले. परंतु हुकूम वरून यावयाचा आणि झळ खाली लागावयाची, ही रीत काही गेली नाही.

जगात इतरत्र लांडगा कसा परतला, हे पाहिल्यावाचून येथील प्रश्नाचा उलगडा होत नाही. इटलीमध्ये १९७० च्या सुमारास लांडग्यांची संख्या शंभराच्या घरात उरली होती. १९७१ साली तेथे शिकारीवर आणि विषाच्या आमिषांवर बंदी आली, १९७६ साली पूर्ण संरक्षण मिळाले आणि २०२०-२१ च्या देशव्यापी पाहणीत ही संख्या ३,३०० वर गेल्याचे दिसून आले. आल्प्सच्या वाटेने लांडगा १९९२ साली फ्रान्समध्ये पोहोचला. २००० साली जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात, लष्कराच्या सरावासाठी राखलेल्या माळावर, त्याची पिल्ले जन्मली. २०२३ साली युरोपीय संघात सुमारे २०,३०० लांडगे असल्याचा अंदाज संघाच्या आयोगाने दिला. निसर्गसंरक्षणाच्या इतिहासातील हे मोठे यश आहे, यात शंका नाही.

परंतु या यशामागे केवळ कायदा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या औद्योगिकीकरणात ॲपेनाइन पर्वतातील खेडी ओस पडली. तरुण माणसे कारखान्यांकडे गेली, डोंगरउतारावरची शेते पडीक राहिली, रान वाढले आणि त्या रानात हरणे व रानडुकरे परतली. लांडगा परतला तो माणसाने सोडून दिलेल्या भूमीवर. शिवाय जे मेंढपाळ उरले होते, त्यांच्या पाठीशी सधन राज्ये उभी राहिली. फ्रान्समध्ये राखणदार, रक्षक कुत्रे आणि विजेची कुंपणे यांवर सरकार जो पैसा खर्च करते, तो मेलेल्या जनावरांच्या भरपाईच्या कितीतरी पट आहे.

असे असूनही असंतोष थांबला नाही. युरोपीय संघात लांडगे वर्षाला किमान ६५,५०० पाळीव जनावरे मारतात, असा आयोगाचाच अंदाज आहे. संघातील मेंढ्यांची एकूण संख्या कित्येक कोटींत असल्यामुळे शेकडेवारीत हे नुकसान नगण्य ठरते. तथापि, सरासरी ही अर्थशास्त्रातील मोठी फसवी वस्तू आहे. नुकसान सर्व मेंढपाळांत सारखे वाटले जात नाही; ते काही खोऱ्यांतील काही कुटुंबांवर पुन्हापुन्हा कोसळते. या कुटुंबांचा राग उजव्या पक्षांनी हाती घेतला आणि त्याला मतपेटीपर्यंत नेले. डिसेंबर २०२४ मध्ये बर्न कराराच्या समितीने लांडग्याला ‘कडक संरक्षणा’च्या यादीतून खाली उतरवले, २०२५ साली युरोपीय संघाने आपला कायदा त्यानुसार बदलला. पन्नास वर्षांत उभी राहिलेली संरक्षणाची चौकट सैल झाली.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचे उदाहरण याहून बोलके आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील मतदारांनी जेमतेम बहुमताने लांडगा परत आणण्याचा निर्णय घेतला. हे बहुमत मुख्यतः डेन्व्हर आणि बोल्डर या शहरी पट्ट्यातील होते. लांडगे सोडावयाचे होते ते मात्र पर्वताच्या पश्चिम उतारावर, जेथील बहुतेक काउंटींनी विरोधी मत दिले होते. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले दहा लांडगे सोडले गेले आणि काही महिन्यांतच पशुपालकांशी संघर्ष सुरू झाला. तेथे दगावलेल्या एका जनावरामागे १५,००० डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. तरीही कटुता आली, कारण निर्णय एकाचा आणि शेजार दुसऱ्याचा, ही गोष्ट पैशाने पुरती भरून निघत नाही.

हे सारे दख्खनच्या माळाशी ताडून पाहिले की मूलभूत फरक ध्यानात येतो. येथे लांडगा परत आलेला नाही. तो कधी गेलाच नव्हता. सासवड-जेजुरीपासून बारामती-इंदापूरपर्यंत, माण-खटावच्या उघड्या रानात, कर्जतच्या आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळांवर तो माणसांच्या वस्तीला लागूनच जगत आला. या पर्जन्यछायेच्या प्रदेशातून कोणी गाव सोडून गेल्यामुळे त्याला जागा मिळाली असे नाही. काळवीट आणि चिंकारा आता रेहेकुरी, नान्नज, मयूरेश्वर अशा मोजक्या जागी उरले आहेत. मयूरेश्वरचे सारे अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. लांडग्यांचा एक कळप त्यात मावत नाही. तेव्हा हा प्राणी जगतो तो मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर. स्पष्टच सांगायचे तर महाराष्ट्रातील लांडगा आजवर जगला, तो वनखात्याच्या अन्नावर नव्हे, धनगराच्या अन्नावर.

धनगराचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. त्याची खांड हेच त्याचे शेत, घर आणि बँक. दिवाळीनंतर कळप घेऊन अनेक धनगर वाडे कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी माळावर परततात. वाटेत ते शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतात. रानाला खत मिळते, धनगराला धान्य किंवा रोकड मिळते. रात्री मेंढ्यांभोवती वाघर लावली जाते, कुत्री राखणीला असतात आणि माणसे उघड्यावर निजतात. लांडगा यायचाच, हे या जीवनक्रमात गृहीत धरलेले आहे. त्याने नेलेले कोकरू हा त्याचा वाटा, असे मानणारे जुने मेंढपाळ अजूनही भेटतात. परंतु ही सहनशीलता अमर्याद नसते. ज्याच्याजवळ पन्नास मेंढ्या आहेत, त्याच्या चार मेंढ्या एका रात्री गेल्या तर त्याचे आठ टक्के भांडवल गेले. कोणत्याही कारखानदाराचे आठ टक्के भांडवल एका रात्रीत बुडाले तर त्यासाठी विमा असतो, कर्जफेडीला मुदतवाढ असते, मंत्रालयात शिष्टमंडळ जाते.

धनगरासाठी भरपाईची योजना आहे. नाही असे नाही. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळावी, असा नियम आहे. मात्र त्यासाठी ४८ तासांच्या आत खबर दिली पाहिजे, पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवता कामा नये. हे नियम गोठा असलेल्या, सातबारा असलेल्या, एका गावात स्थिर असलेल्या माणसाला समोर ठेवून केलेले आहेत. जो मेंढपाळ उद्या पहाटे पुढच्या मुक्कामाला निघायचा आहे, त्याने एका मेंढीच्या कलेवरापाशी बसून राहावे की उरलेल्या कळपामागे जावे? आणि लांडगा कोकरू उचलूनच घेऊन गेला असेल, तर पंचनामा कशाचा करावयाचा? कागदावरचा हक्क पदरात पाडून घेण्याचा खर्चच हक्काहून मोठा झाला, की तो हक्क नसल्यासारखाच असतो.

असे असताना धनगर आणि लांडगा यांना एकमेकांचे वैरी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि सोयीचेही. वस्तुतः दोघांवर आलेले संकट एकच आहे. ते म्हणजे माळाचा ऱ्हास. ज्या जमिनीपासून सारा मिळत नाही ती पडीक, ही व्याख्या वसाहतकालीन महसुली व्यवस्थेने रूढ केली. स्वतंत्र भारताने ती जशीच्या तशी उचलली. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या २०१९ च्या नकाशासंग्रहात देशातील सुमारे ५.५८ लाख चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे एकूण क्षेत्राच्या जवळजवळ १७ टक्के, पडीक म्हणून दाखवली आहे; त्यात गवताळ आणि झुडपी माळांचा मोठा वाटा आहे. मधुसूदन आणि वनक या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातील अशा नैसर्गिक खुल्या प्रदेशाचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रात येतो.

पडीक म्हटले की ती जमीन कोणालाही द्यायला मोकळी. मग तिच्यावर औद्योगिक वसाहत येते, बिगरशेती भूखंड पडतात, सौरऊर्जेची कुंपणे उभी राहतात, पाणी पोहोचले की ऊस येतो. एवढ्यातून जो माळ उरतो, त्यावर वृक्षलागवडीच्या उत्साहात चर खणून ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावली जाते. गवत हीच त्या भूमीची संपत्ती आहे, ही गोष्ट झाडे मोजणाऱ्या नजरेला दिसत नाही. मेंढीला चराई उरत नाही, काळविटाला कुरण उरत नाही आणि लांडग्याला बिळासाठी निवांत ओघळ उरत नाही. गावांच्या आणि नव्या वसाहतींच्या कचऱ्यावर मोकाट कुत्री मात्र पोसली जातात. ती लांडग्यांत रोग पसरवतात आणि त्यांच्याशी संकरही करतात. पुण्याजवळच्या लांडग्यांत असा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे.

केवळ अभयारण्य घोषित करून हा प्रश्न सुटत नाही, याचा धडा सोलापूरनेच दिला आहे. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे आली, खाजगी शेते आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. लोकांना ते आपल्या उरावर बसवलेले ओझे वाटले. पुढे ते क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान माळढोक या माळावरून जवळजवळ नाहीसा झाला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो पक्षी गेला आणि मागे उरला तो लोकांचा अविश्वास.

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप निसर्गप्रेमींचा. मेंढ्यांच्या अतिचराईमुळेच माळ उजाड होतात, तेव्हा मेंढपाळाला दूर ठेवणे हेच संरक्षण, असे त्यांचे म्हणणे असते. जेथे चराईचे क्षेत्र आक्रसत जाते आणि तेवढेच कळप उरलेल्या तुकड्यावर लोटले जातात, तेथे अतिचराई होणारच. परंतु तिचे कारण धनगराचा हव्यास नव्हे. त्याच्या पायाखालून काढून घेतलेली जमीन हे आहे. आणि माळावरून मेंढी हलवली तर लांडगा काय खाणार, याचे उत्तर या मंडळींजवळ नाही.

दुसरा आक्षेप चळवळीतील कार्यकर्त्यांचा. माणसांचे प्रश्न सुटलेले नसताना श्वापदांची चिंता हा सुखवस्तूंचा छंद आहे, असे त्यांना वाटते. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो उत्तर प्रदेशात दिसला. १९९६ साली त्या राज्याच्या पूर्व भागात लांडग्यांच्या हल्ल्यांत पाऊणशेच्या आसपास मुले ठार किंवा जबर जखमी झाली. २०२४ च्या पावसाळ्यात बहराइच जिल्ह्यात तसेच हल्ले झाले आणि किमान आठ जीव गेले. त्यांत बहुतेक मुलेच होती. ही मुले कोणाची होती? अंगणात किंवा दार नसलेल्या घरात झोपणाऱ्या गरिबांची. ज्या राज्याला नागरिकाच्या घराला एक दार पुरवता येत नाही, त्याने त्याच नागरिकाला वन्यजीवांशी सहजीवनाचे पाठ देऊ नयेत. पण यावरून लांडगा संपवावा असा निष्कर्ष निघत नाही. लांडगा संपला तरी ते घर दाराविनाच राहील. शिवाय लांडग्याच्या नावाने माळ राखला गेला नाही, तर तो गरिबाला मिळेल असेही नाही. तो कंपनीला मिळेल.

तेव्हा मागणी कोणती करावयाची? पहिली गोष्ट, माळाला महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणणे थांबले पाहिजे. गवताळ प्रदेश म्हणून त्याची स्वतंत्र नोंद व्हावी आणि सार्वजनिक माळाचे हस्तांतर ग्रामसभेच्या आणि तेथे चराई करणाऱ्या फिरत्या पशुपालकांच्या संमतीवाचून होऊ नये. वनहक्क कायदा, २००६ मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. मात्र आदिवासी नसलेल्यांना पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचे जीवनच चालण्यात गेले त्याने वास्तव्याचा दाखला कोठून आणावा? शिवाय गायरान आणि इतर महसुली माळ या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. ही दोन्ही व्यंगे दूर झाली पाहिजेत. धनगरांच्या आरक्षणाची चर्चा प्रत्येक निवडणुकीत होते. त्यांच्या चराईच्या हक्काची चर्चा त्या मानाने क्वचितच होते, हे राजकीय पक्षांना शोभणारे नाही. डाव्या पक्षांनाही नाही.

दुसरी गोष्ट, खर्चाच्या वाटणीची. लांडग्याचे अस्तित्व ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना मिळतो, म्हणून तिचा खर्चही सर्वांनी उचलला पाहिजे. स्वीडनने १९९६ पासून रेनडिअर पाळणाऱ्या सामी समाजासाठी एक वेगळी पद्धत अवलंबिली आहे. त्यांच्या प्रदेशात लिंक्ससारख्या हिंस्र प्राण्यांनी किती ठिकाणी पिल्ले घातली यावर मोबदला ठरतो. रेनडिअर किती मेले याच्या पंचनाम्यावर तो अवलंबून नसतो. प्राणी जगला की पशुपालकाला पैसे मिळतात. महाराष्ट्रात अशी रक्कम लांडग्यांची वीण आढळणाऱ्या माळावर चराई करणाऱ्या कुटुंबांना दरवर्षी देता येईल. पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न अवघड नाही. जे माळ बिगरशेती करून विकले जातात त्यांच्या वाढलेल्या किमतीवर अधिभार बसवावा. माळ गिळून ज्यांनी नफा मिळवला, त्यांनीच उरलेल्या माळाचे देणे द्यावे, यात अन्याय नाही.

तिसरी गोष्ट, निर्णयाच्या अधिकाराची. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वनखात्याने २०२३ साली गवताळ प्रदेशाच्या सफारी सुरू केल्या. लांडगा पाहण्यासाठी शहरातील माणसाने पैसे मोजावेत, हे चांगलेच आहे. परंतु ज्याच्या मेंढ्यांवर तो लांडगा पोसला, त्या फिरत्या मेंढपाळाचा त्या उत्पन्नात वाटा कोणता आणि व्यवस्थापनात स्थान कोणते, हे ठरले पाहिजे. माळावरील कुत्र्यांचे लसीकरण, मेंढ्यांचा विमा, भरपाईचा जागेवर आणि ठरल्या मुदतीत निकाल, ही कामे त्याला सोबत घेतल्यावाचून होणार नाहीत.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. अशा वर्षांत परिषदा होतात, टपाल तिकिटे निघतात. युरोपात मेंढपाळाची तक्रार पुरोगाम्यांनी वेळेवर ऐकली नाही. ती दुसऱ्यांनी ऐकली आणि लांडग्यावर उलटवली. महाराष्ट्रात अजून ती वेळ आलेली नाही. येथला धनगर अजून लांडग्याला सोसतो आहे. त्याची ही सहनशीलता राज्याने आजवर फुकट वापरली. तिचे मोल देण्याचे काम आता सुरू व्हावे, आणि त्याची पहिली मागणी श्रमिकांच्या चळवळीकडून यावी.